आवाज गोळा करणाऱ्यांची पिशवी

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करतो.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, आपल्या ज्येष्ठांच्या आठवणींच्या सदरासाठी, मी इथे न्यू जर्सीत एडिसनमधल्या एका घरी गेलो होतो. त्या घरातल्या ताईंच्या सासूबाई भोरजवळच्या गावातून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. त्यांना जात्यावरच्या ओव्या येत होत्या. कोणती ओवी कोणाकडून शिकली, तेव्हा घरात कोणाचं बाळंतपण होतं, पाऊस कसा होता, हे सगळं त्या ओवीबरोबर सांगत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "बाळा, तुझ्या यंत्रात बसतंय ना सगळं?" मी म्हटलं, "बसतंय आजी, तुम्ही म्हणा."

पाऊण तास त्या म्हणत होत्या. घरी येऊन पाहतो तर कार्डावर फाइलच नाही. रेकॉर्डरचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे यंत्र तयारीत होतं, मुद्रण चालू झालेलं नव्हतं. बटण दुसऱ्यांदा दाबायचं राहून गेलं होतं. काउंटरकडे एकदा नजर टाकली असती, तरी आकडे पुढे सरकत नाहीत हे दिसलं असतं.

मी ताईंना फोनवर एवढंच सांगितलं की आवाज नीट आला नाही, परत एकदा येतो. परत जाणं झालं नाही. आजी लवकर भारतात परतल्या आणि दिवाळीच्या आधी त्यांच्या निधनाची बातमी आली. मग ताईंचा फोन आला, "आवाज कसाही आलेला असू दे, जे आहे ते पाठवा." तेव्हा मला खरं सांगावं लागलं.

मी आयटीत सल्लागार आहे. एखादी सिस्टीम बंद पडली की ती का पडली, कुठे पडली, पुन्हा पडू नये म्हणून काय करायचं, याचा कागद तयार करणं हे माझं पोटापाण्याचं काम. इथे दोष यंत्राचा नव्हता, माझा होता. म्हणून मी माझी रेकॉर्डिंगची पिशवी पहिल्यापासून लावायला घेतली. आणि पिशवी लावता लावता मनात आलं, की ज्यांनी स्टुडिओच्या बाहेर पडून आवाज गोळा केले, त्यांनी हे कसं निभावलं? त्या वाचनातून जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट सुरू होते आपल्या अंगणातच. ओक ट्री रोडवर भाजी आणि फरसाण घेऊन निघालात, तर थोड्याच मिनिटांत मेन्लो पार्कचा तो उंच मनोरा लागतो. आपल्यापैकी अनेकजण तिथून रोज जातात आणि वर पाहत नाहीत. याच जागी थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती आणि 1877 मध्ये याच जागी फोनोग्राफ जन्माला आला. माणसाने उच्चारलेला शब्द यंत्राने परत म्हणून दाखवला, तो इथे. या टाउनशिपला एडिसनचं नाव मिळालं ते बरंच नंतर, 1954 मध्ये.

पहिल्या यंत्रात आवाज कथिलाच्या पातळ पत्र्यावर उमटायचा. काही वेळा वाजवला की पत्रा निकामी. पुढच्या दहा-बारा वर्षांत मेणाची नळकांडी आली आणि आवाज टिकू लागला, यंत्र उचलून नेता येऊ लागलं. मार्च 1890 मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स नावाच्या अभ्यासकाने असं यंत्र मेन राज्यात, कॅनडाच्या सीमेवरच्या कॅलस गावी नेलं आणि पॅसामाक्वॉडी या मूळनिवासी लोकांची गाणी, गोष्टी, शब्द मेणावर उतरवून घेतले. घराबाहेर, लोकांच्या गावी जाऊन केलेलं हे पहिलं ध्वनिमुद्रण मानतात. एका नळकांड्यावर दोन-तीन मिनिटं मावायची. म्हणजे गाणाऱ्याला मध्येच थांबवायचं, नळकांडं बदलायचं, आणि पुन्हा सुरू करायला सांगायचं.

ही नळकांडी बरीच वर्षं हार्वर्डच्या संग्रहालयात होती, पुढे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आली. 1980 च्या दशकात त्यांच्या प्रती कॅसेटवर त्या लोकांना परत दिल्या गेल्या आणि अलीकडे आणखी स्वच्छ डिजिटल प्रती. आता त्यांची जाणती मंडळी ते आवाज ऐकून हे कोणतं गाणं, कधी म्हणायचं, हे स्वतःच्या भाषेत नोंदवत आहेत. शंभराहून अधिक वर्षांनी पणजोबांचा आवाज पणतवंडांना मिळाला. पण कोण काय म्हणतंय हे शोधायला केवढे कष्ट पडले पाहा. माझ्या पिशवीत पहिली वस्तू शिरली ती इथून, एक साधी वही. कोण, कुठे, केव्हा, काय, हे त्याच दिवशी, त्याच घरात बसून लिहायचं.

आता भारतात येऊ. 1902 साली फ्रेड गाइसबर्ग लंडनहून बोटीने कोलकात्याला निघाला. हाही मूळचा अमेरिकन, वॉशिंग्टनचा. ग्रामोफोन कंपनीसाठी पूर्वेकडच्या देशांतलं संगीत मुद्रित करून न्यायचं, हे त्याचं काम. त्याच्यासोबत होत्या मुद्रणासाठीच्या मेणाच्या जाड तबकड्या, कर्णा आणि मुद्रण करणारं यंत्र. विजेचा मायक्रोफोन तेव्हा नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्याच्या तोंडाशी येऊन जोरात गायचं, त्या जोरावर सुई हलायची. कोलकात्यात हॉटेलच्या खोलीलाच त्याने स्टुडिओ केलं. नोव्हेंबरमध्ये तिथे गौहर जान गायल्या. साधारण तीन मिनिटांत ख्याल किंवा ठुमरी आटोपायची आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायचं. कारण मेणाच्या तबकड्या जाणार होत्या जर्मनीत, हॅनोव्हरच्या कारखान्यात. तिथल्या कामगाराला कोण गातंय हे कळणार कसं? गाणाऱ्यानेच सांगून ठेवलेलं बरं.

मला ही युक्ती फार आवडली. कागद हरवतो, फाइलचं नाव बदलतं, पण आवाजातच नाव असेल तर ते हरवत नाही. म्हणून आता मी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने सांगतो.

सगळेच त्या कर्ण्यासमोर गेले नाहीत. भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले. बालगंधर्व त्यांचे शिष्य, मास्टर कृष्णराव त्यांचे शिष्य, केसरबाई केरकरही त्यांच्याकडे शिकल्या. शिष्यांच्या तबकड्या आपण आजही ऐकतो. बुवांचं स्वतःचं गाणं मात्र ऐकायला मिळत नाही. त्यांच्या हयातीत यंत्र मुंबईपर्यंत येऊन पोचलं होतं, तरी. बुवांचं गाणं कसं होतं, हे आपल्याला लेखांतून आणि आठवणींतून वाचावं लागतं.

आता पुन्हा अमेरिकेत. 1933 च्या उन्हाळ्यात जॉन लोमॅक्स आणि त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा अ‍ॅलन हे लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी दक्षिणेतली लोकगीतं गोळा करायला निघाले. त्यांच्या फोर्ड गाडीत तबकडीवर मुद्रण करणारं यंत्र होतं. वजन 315 पौंड, म्हणजे जवळपास 143 किलो. त्याला 'पोर्टेबल' म्हणत! लुइझियानातल्या अंगोला तुरुंगात त्यांनी हडी लेडबेटर या कैद्याची गाणी मुद्रित केली. हाच पुढे लेडबेली या नावाने जगभर गाजला. गाडीत बसवलेलं ते धूड नसतं, तर तुरुंगाच्या भिंतीआडचा तो आवाज भिंतीआडच राहिला असता. आणि मी इथे दोन किलोची पिशवी उचलायला कंटाळतो!

त्याच सुमारास आपल्याकडे बोलपट आला. 1931 मध्ये मुंबईत अर्देशीर इराणींचा 'आलम आरा' तयार झाला तेव्हा चित्रण आणि ध्वनिमुद्रण एकाच वेळी होत होतं. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून रात्री गाड्या थांबल्यावर काम चालायचं. मायक्रोफोन कलाकारांच्या आसपास लपवावे लागायचे. पुढच्या वर्षी 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी पडद्यावर बोलू लागली. पण पुढच्या काळात हलके, आवाज करणारे कॅमेरे आले, बाहेरच्या चित्रणात गोंगाट वाढला, आणि आपल्या चित्रपटांनी सोपी वाट धरली. बाहेर नुसतं चित्र घ्यायचं, संवाद नंतर स्टुडिओत म्हणायचे. जागेवरचा आवाज अनेक वर्षं बाजूलाच पडला. 2001 च्या 'लगान'ने भुजजवळच्या माळरानावर चित्रणाच्या वेळचाच आवाज धरायचा हट्ट केला, तेव्हा मोठ्या हिंदी चित्रपटांत ही पद्धत पुन्हा रुजायला लागली.

मधल्या काळात यंत्राचं काय झालं? ते एकदम खांद्यावर आलं, आणि त्याला कारण झाला एक निर्वासित मुलगा. स्टेफान कुडेल्स्की 1929 मध्ये वॉर्सात जन्मला. युद्धात कुटुंबाला पोलंड सोडावं लागलं आणि ते स्वित्झर्लंडला पोचले. लोझानमध्ये शिकत असताना, 1951 मध्ये, त्याने एक टेप रेकॉर्डर बनवला. जर्मनांनी 1930 च्या दशकात चुंबकीय टेप व्यवहारात आणली होती, पण ती यंत्रं जड, विजेच्या तारेला बांधलेली. कुडेल्स्कीच्या यंत्राला चावी द्यायची, जुन्या भिंतीवरच्या घड्याळाला देतात तशी. स्प्रिंग टेप फिरवायची आणि बॅटरी आवाज सांभाळायची. नाव ठेवलं 'नाग्रा'. पोलिश भाषेत त्याचा अर्थ 'मुद्रित करील'. पुढच्याच वर्षी स्विस पथकाबरोबर हे यंत्र एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेलं. तेनसिंग नोर्गे या मोहिमेत होते, शिखर सर करण्याच्या एक वर्ष आधी.

दशक संपता संपता 'नाग्रा-3' आला. चावी गेली, ट्रान्झिस्टर आले, पोटात बारा मोठे सेल. चामड्याच्या पट्ट्याने खांद्याला अडकवायचा आणि चालू पडायचं. पुढे कॅमेऱ्याच्या वेगाची खूण टेपवरच उमटवायची सोय त्यात आली, म्हणून चित्र आणि आवाज नंतर अचूक जुळवता येऊ लागले. पुढची तीसेक वर्षं जगभरच्या चित्रपटांचा, रेडिओचा, माहितीपटांचा आवाज बहुतांशी याच यंत्रात साठला.

या यंत्राने काय साधलं, हे एका उदाहरणाने सांगतो. 1960 च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये जाँ रूश आणि एडगार मोरँ एक माहितीपट करत होते. तो 1961 मध्ये 'क्रोनिक दँ एते' या नावाने आला. त्यात मार्सलीन लोरिदाँ नावाची तरुणी आहे. लहानपणी तिला वडिलांबरोबर ऑशविट्झच्या छळछावणीत नेलं होतं. ती परत आली, वडील आले नाहीत. तिने नाग्रा स्वतःच्या खांद्याला अडकवला, छोटा मायक्रोफोन कपड्याला लावला, आणि पॅरिसच्या मोकळ्या चौकातून एकटी चालत राहिली. चालता चालता स्वतःशी, खरं तर वडिलांशी, बोलत राहिली. कॅमेरा तिच्यापासून दूर होता. समोर मायक्रोफोन धरून कोणी उभं असतं तर ती असं बोलली असती, असं मला वाटत नाही. यंत्र लहान होण्याचा खरा फायदा वजनाचा नाही. बोलणाऱ्याला यंत्राचा विसर पडतो, हा आहे. म्हणून माझ्या पिशवीत आता कॉलरला लावायचा छोटा माइक आहे. टेबलावर मोठा माइक ठेवला की आजी-आजोबा भाषण द्यायला लागतात.

1963 मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि हे काम घराघरात गेलं. आपल्यातल्या थोरल्या मंडळींना आठवत असेल, टेलिफोन महाग होता तेव्हा परदेशातून घरी कॅसेट भरून पाठवायचे. नातवाचं बोबडं बोलणं, सुनेचं गाणं, शेवटी "सगळ्यांना नमस्कार". त्या कॅसेट कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कपाटात असतील. त्यातली टेप चिकटायला लागण्याआधी संगणकावर उतरवून घ्या, एवढी विनंती.

कॅसेटनंतर डिजिटल टेप, मग मेमरी कार्ड. आजचे काही रेकॉर्डर तर आवाज अचानक चढला तरी फाटू देत नाहीत आणि कुजबुज नंतर वर आणता येते. पण बटण दाबलं नाही तर काय करायचं, हे त्यांनाही ठाऊक नाही.

मला सगळ्यांत जवळचं वाटलं ते पुण्यातलं काम. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी 1980 च्या दशकापासून मुळशीपासून सुरुवात करून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं. आधी कागदावर, पुढे 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने ध्वनिमुद्रण आणि संगणकावर नोंदी. तोपर्यंत गावोगाव विजेची गिरणी पोचली होती आणि जाती कोपऱ्यात गेली होती. दळण थांबलं की ओवी म्हणायचं कारणच उरत नाही. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर हा संग्रह टप्प्याटप्प्याने सगळ्यांसाठी खुला होत आहे, आणि त्यांची माणसं त्या गावांत पुन्हा जाऊन त्याच बायकांना भेटली. प्रत्येक ओवीखाली म्हणणारीचं नाव आणि गाव आहे. भोरच्या आजींसारख्या हजारो जणींचे आवाज तिथे नावानिशी राहिले. आमच्या आजींचा राहिला नाही.

आता माझी पिशवी कशी लावली आहे, ते सांगतो. माझी बायको तिला मिसळणाचा डबा म्हणते, आणि ते अगदी बरोबर आहे. मिसळणाच्या डब्यात हळदीची वाटी रिकामी झाली की झाकण उघडताक्षणी कळतं. पिशवीतही प्रत्येक वस्तूला तिचीच जागा. जागा रिकामी दिसली की घराबाहेर पडायचं नाही.

डावीकडे रेकॉर्डर आणि दोन कार्डं. नवे सेल लाल डबीत, वापरलेले काळ्या डबीत, दोन्ही कधी एकत्र नाहीत. मधे कॉलरचा माइक, एक मोठा माइक, आणि वाऱ्यासाठी केसाळ आवरण, कारण अंगणात बोलायचं तर जर्सीचा वारा सोडत नाही. उजवीकडे दोन केबल, एक जादा. केबलच नेहमी दगा देते. वर हेडफोन, म्हणजे ते काढल्याशिवाय खालचं काही हाताला लागत नाही. बाहेरच्या कप्प्यात वही, पेन आणि परवानगीचा मराठीतला कागद. आवाज त्यांचा आहे, तो कुठे वाजवायचा हे त्यांनी ठरवायचं.

घरात गेल्यावरचा क्रमही ठरलेला आहे. आधी चहा. मग फ्रिज बंद करायचा, त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये फार येते. बंद करताना स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. ही चित्रपटांच्या ध्वनिमुद्रकांची जुनी युक्ती आहे. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणून फ्रिज पुन्हा चालू करायचा राहत नाही. नंतर अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून खोलीची शांतता मुद्रित करायची, पुढे आवाज जोडताना ती लागते. मग तारीख, गाव, नाव. मग काउंटर. आकडे पळताहेत हे डोळ्यांनी पाहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "चालू आहे." शेजारी फोनवर दुसरं रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, एक बुडालं तर दुसरं हाताशी हवं. आणि त्या घरातून निघण्यापूर्वी शेवटचं मिनिट वाजवून ऐकायचं.

एवढं सगळं लावून झाल्यावर, गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या ताईंकडे गेलो. धीर करूनच गेलो. म्हटलं, आजींच्या ओव्या गेल्या, पण तुम्हाला काही आठवतात का? त्या म्हणाल्या, "मला कुठे गाता येतं?" मग बराच वेळ ओट्यापाशी उभ्या राहिल्या. दोन आठवल्या. तिसरी अर्धी. चाल त्यांना पक्की आठवत होती, शब्द मध्ये सुटत होते. सुटले तिथे त्या नुसतं गुणगुणल्या. त्यांची लेक, इथेच जन्मलेली, सोळा वर्षांची, दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "आई, हे तू मला कधीच का नाही म्हणून दाखवलंस?"

तोही प्रश्न रेकॉर्डिंगमध्ये आहे. मी तो कापलेला नाही. आजचा भाग संपल्यावर, ताईंच्या परवानगीने, ते साडेचार मिनिटांचं रेकॉर्डिंग आपण ऐकणार आहोत. सुरुवातीला त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं आहे, आणि त्यानंतर सासूबाईंचं.

तुमच्याकडे या उन्हाळ्यात आई-वडील, सासू-सासरे, आजी-आजोबा येणार असतील तर आम्हाला जरूर कळवा. पिशवी तयार आहे. आणि आम्ही येईपर्यंत थांबूही नका, फोन टेबलावर ठेवा, आकडे पळताहेत ना ते पाहा, आणि त्यांना बोलतं करा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.